माझ्या मानेवर सगळ्यांची बोटं

माझ्या मानेत गाठ आहे हे मला माझ्या रूममेटने सांगितलं, तेही शेंगदाणे खात खात.

आम्ही मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या आठवड्यात वॉर्डात मान तपासायला शिकवलं होतं. मान समोरून तपासत नाहीत. पेशंटला स्टुलावर बसवायचं, आपण त्याच्या मागे उभं राहायचं, आणि दोन्ही हातांची बोटं जबड्याखालून कानामागे आणि तिथून गळ्याच्या हाडापर्यंत फिरवत न्यायची. बिचाऱ्या पेशंटला वाटतं, मागून कुणीतरी आपला गळाच दाबतंय. वॉर्डातले लोक आम्हाला इतके कंटाळले होते की एका आजोबांनी आम्हाला येताना पाहिलं आणि सरळ चादर डोक्यावरून ओढून घेतली. मग सरावासाठी उरलो आम्हीच. संध्याकाळी कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर जमायचं, ज्याची पाळी त्याने पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी त्याची मान दाबायची.

त्या दिवशी पाळी माझी होती. रूममेट माझ्या मागे उभी. ती सौराष्ट्रातली, शेंगदाण्याची पुडी हातात असल्याशिवाय तिला काही सुचत नाही. चावता चावता ती एकदम थांबली.

"हाय हाय, आ शुं छे?"

तिचं बोट माझ्या उजव्या जबड्याखाली रुतलेलं. मी म्हटलं, थट्टा नको गं, भूक लागलीय. तर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शेंगदाण्याची पुडी तिने चक्क ओट्यावर ठेवून दिली.

लगेच आमच्या हुशारला बोलावलं. हा मुलगा सुरतेतल्याच भेस्तानचा, घरचे मूळचे विदर्भातले. वर्गात सगळ्यात जाड पुस्तक त्याच्याकडे, आणि दुर्दैव आमचं, ते त्याने वाचलेलंही होतं. त्याने दोन बोटांनी ती जागा दाबली, डोळे मिटले, आणि विचारलं, "काऊन वं, हे किती दिवसांपासून हाय?"

त्याचा तो आवाज ऐकून मी चिडलेच. वॉर्डात अनोळखी माणसाला विचारतात तसा. "अरे मेल्या, मी तुझी दोस्त आहे, केस नाही!"

"वजन कमी झालं काय?" तो आपला चालूच. "रात्री घाम येते काय? अंग खाजवते काय?"

आता सुरतेत मे महिन्यात, आमच्या खोलीतला पंखा गरगर कमी आणि कुरकुर जास्त करत असताना, कुणाला घाम येत नाही? मेसचं जेवण खाऊन कुणाचं वजन कमी होत नाही? आणि मच्छर तर काय, आमच्यावरच पोसलेले. एरवी मी हे सगळं त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण त्या क्षणी त्याच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्या आतून उत्तर आलं, होय, होय, होय. पुस्तकात ज्या आजाराची ही लक्षणं होती त्याचं नाव आमच्यापैकी कुणीच मोठ्याने घेतलं नाही. कॅन्सरचंच ते नाव, घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माझी मान सार्वजनिक झाली. कॅन्टीनमध्ये, लायब्ररीच्या जिन्यात, लेक्चर सुरू व्हायच्या आधी, जो तो येई आणि म्हणे, जरा बघू. कुणी म्हणे रबरासारखी आहे, कुणी म्हणे नाही, कडक आहे. एक म्हणाला हलते, दुसरीने शप्पथ घेऊन सांगितलं की अजिबात हलत नाही. हुशारने पुस्तक उघडून वाचून दाखवलं की अशा वेळी एक बोट तोंडात घालून आतून दाबून बघावं लागतं, आणि बाही वर करून तो तयारही झाला. मी सांगितलं, घालून तर बघ, बोट परत मिळणार नाही. सगळे खोखो हसले. मीही हसले. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

कारण गाठ वाढत होती. हे काही मनाचे खेळ नव्हते. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी ती चाचपत होते आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा मोठी लागत होती. वर आता दुखायलाही लागली होती, कातडी लालसर काळी पडली होती. मला मरायची भीती वाटत होती, अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी. आणि त्याहून मोठी भीती घरची. नवागामच्या आमच्या खान्देशी गल्लीत मी पहिली डॉक्टर होणार होते. पप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, दिवसभर उभे, माय घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवते. त्यांना मी काय सांगणार होते, की डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट झाले?

सरांना दाखव, सगळे म्हणत. पण सरांनी हात लावला की उत्तर मिळणार, आणि मला उत्तरच नको होतं. शेवटी हुशारनेच एक फट दाखवली. म्हणाला, "काही गाठी जन्मापासूनच राह्यतात, घरात अजून कोणाला असतात. आईची मान बघून ये एकदा." मी ती फट घट्ट पकडून ठेवली.

रविवारी मी घरी गेले. शेअर रिक्षात, उकाड्यात, मानेभोवती ओढणी गुंडाळून. आमच्या गल्लीत शिरलं की खात्यांची खटखट सुरू होते आणि बोलणं आपोआप मोठ्याने होतं. माय जमिनीवर बसली होती, मांडीवर साडी, बोटांना डिंक. मला बघून उठली, हात धुतले आणि ताट वाढलं. माझं वेगळं, तिचं वेगळं. मला रागच आला. लहानपणापासून रविवारी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. गेले काही महिने तिने हे नवीन काढलं होतं. विचारलं की म्हणायची, "तू आते डॉक्टरीन शे." मला वाटायचं, पोरगी शिकली म्हणून ही उगाच अंतर ठेवतेय.

जेवण झाल्यावर मी तेलाची बाटली काढली. मायच्या केसांना तेल लावायचं म्हणजे तिला पुढ्यात बसवायचं आणि मागून हात फिरवायचा, बरोबर आम्हाला शिकवलं होतं तसंच. ती म्हणाली, आज सूर्य कुठून उगवला बाई? आणि बसली. मी डोक्यावर तेल घातलं, चोळलं, आणि दोन्ही हात हळूच जबड्याखाली नेले. माझ्यासारखी गाठ लागू दे, देवा, लागू दे, असं मनात म्हणत.

तिथे काही विशेष लागलं नाही. पण बोटं सवयीने पुढे सरकली, कानाखालून मानेच्या बाजूने खाली, आणि उजव्या बाजूला थांबली. एक नव्हती. दोन-तीन होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. माझ्या गाठीबद्दल मला वर्गभराची मतं मिळाली होती. ह्यांच्याबद्दल मला कुणालाच विचारावं लागलं नाही.

"काय करी ऱ्हायनी तू?" माय म्हणाली.

"तेल लावतेय. माय, हे कधीपासून आहे?"

तिने पदर ओढून घेतला. "दुखत नई," म्हणाली आणि वळली. वळली ती माझ्या मानेकडे बघतच राहिली. तेल लावताना माझी ओढणी घसरली होती. माझ्या जबड्याखालचा तो लाल-काळा फुगवटा तिला दिसला. मी मात्र घाबरून भांडायच्या तयारीतच होते. उद्या माझ्यासोबत हॉस्पिटलला चल म्हटलं तर ती म्हणणार, उद्या साड्या न्यायला माणूस येतोय, पप्पांच्या डब्याचं काय, हे काय आणि ते काय. मी म्हटलं, "उद्या चल."

"येसू," ती म्हणाली.

एवढंच. एका शब्दात कबूल. त्याने मी जास्तच घाबरले.

सोमवारी ओपीडीत आमची सगळी बॅच हजर होती. आदल्या संध्याकाळीच मी रूममेटला फोनवर रडत सांगितलं होतं. जी बोटं आठवडाभर माझी मान सोडत नव्हती ती आता सगळ्यांच्या एप्रनच्या खिशात गेली होती. कुणी म्हणालं नाही, जरा बघू. रूममेटने मायची पिशवी धरली आणि धरूनच ठेवली. हुशार भिंतीवरचा तक्ता वाचत होता, लहान बाळांच्या लसींचा.

सर आले, बसले, म्हणाले, "कोण आहे?" मी म्हटलं, "सर, माझी आई."

माय उठली. पण स्टुलावर बसली नाही. तिने माझं मनगट धरलं, मला ओढून स्टुलावर बसवलं आणि माझी ओढणी काढून घेतली.

"साहेब," ती म्हणाली, "पहेलां आनुं जुओ. मारुं पछी."

आधी हिचं बघा, माझं नंतर. ती बाजारात बोलते तसल्या गुजरातीत. खरं सांगते, कालपासून मी माझी गाठ पार विसरले होते. आता सर माझ्या मागे आले, त्यांची बोटं मानेवर टेकली, आणि ती सगळी भीती एका झटक्यात परत आली. मी डोळे घट्ट मिटले.

"ये किसने दबाया है?" सर म्हणाले.

रूममेट हातातल्या मायच्या पिशवीकडे बघायला लागली.

"मी विचारतोय, किसने दबाया? किती जणांनी?"

मग त्यांनी माझाच हात धरला आणि माझी बोटं माझ्याच डाव्या जबड्याखाली ठेवली. दाब, म्हणाले. मी दाबलं. तिथेही गाठ. तशीच, फक्त लहान, आणि न दुखणारी.

"लाळेची ग्रंथी आहे ही," सर बॅचकडे वळून म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना आहे, मलाही आहे. पोळ्यांच्या कणकेसारखी मळून मळून सुजवलीत तुम्ही हिची. इतने लोगों ने देखा, दुसरी बाजू एकानेही बघितली नाही?"

नव्हती बघितली. पहिल्या दिवशी रूममेटचा एक हात माझ्या मानेवर होता आणि दुसऱ्या हातात शेंगदाणे होते. त्यानंतर गाठ सापडल्यावर दुसऱ्या बाजूकडे बघतंय कोण? मागे कुणाला तरी हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. हुशार मान खाली घालून आपलीच मान दोन्ही बाजूंनी चाचपत होता. मलाही हसू आलं, सुटल्याचं, वेड्यासारखं.

माय हसली नाही. "साहेब, आने टीबी नथी ने?" हिला टीबी तर नाही ना?

"नथी बेन. कंई नथी."

"नक्की?"

"नक्की."

मग ती स्टुलावर बसली. पदर बाजूला केला आणि म्हणाली, "आते मनं देखा." सरांना अहिराणी येत नाही हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सरांनी दोन्ही हात लावले आणि त्यांची बोटं सावकाश फिरायला लागली. हसणं थांबलं.

एवढे महिने का लपवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघत बोलली. गावाकडे तिच्या मावशीला गंडमाळ, म्हणजे मानेचा टीबी, झाली होती. मानेला अशाच गाठी. लोकांनी तिचं ताट वेगळं केलं, मग खाट वेगळी केली. मायला गाठ लागली त्या दिवसापासून तिने स्वतःच आपलं ताट वेगळं केलं, पोरीला लागू नये म्हणून. "आनि तरी इले लागनं," असं तिला रविवारी माझी मान बघून वाटलं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी मात्र माझ्याच भीतीत, वेगळ्या ताटावरून तिच्यावर रुसले होते.

सुई टाकून तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी काय खाल्लं, काय शिकले, आठवत नाही. वाट बघायची म्हणजे काय असतं ते पुस्तकात दिलेलं नसतं. रिपोर्ट हातात आला तेव्हा तो मला वाचता येईना, हुशारने वाचला. "टीबी हाय! नुसता टीबी हाय वं!" तो ओरडला. रूममेट आणि मी कॉरिडोरमध्ये एकमेकींना मिठी मारून नाचलो, टीबी आहे, टीबी आहे म्हणत. बाकावरची माणसं नाकाला रुमाल लावून लांब सरकली. कॅन्सर नव्हता, गोळ्यांनी बरं होणारं होतं, छातीचा एक्सरे स्वच्छ होता, आम्हाला आणखी काय हवं होतं?

माय बाकावर बसून आमचा नाच बघत होती. तिच्या कानावर फक्त टीबी एवढंच पडलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, गोळ्या कशा घ्यायच्या, किती महिने घ्यायच्या, आणि मानेतला हा टीबी ताटातून कुणाला लागत नाही. तिने शेवटचं तेवढंच ऐकलं असावं.

"तुले नक्की माहीत शे?"

तिचा माझ्यावर विश्वास का बसावा? मी तिला सरांकडे परत नेलं आणि त्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

पुढच्या रविवारी घरी गेले तर तरीही दोन ताटं. मी माझी भाकरी उचलली आणि तिच्या ताटात ठेवली, भाजी तिच्या भाजीत ओतली. तिचा हात हवेतच राहिला. मग तिने डाव्या हाताने माझी मान चाचपली, आधी उजव्या बाजूने, मग डाव्या बाजूने, बराच वेळ. आणि घास घेतला.