मामांची पंचगिरी आणि गोऱ्यांची कुस्ती

कुस्तीतलं मला सगळं कळतं. फक्त ती खेळता येत नाही. सेलूच्या एका जिनिंगमध्ये कारकुनी करत माझी हयात गेली. अंगाला लागली ती कापसाची धूळ. (पोट सुटलं, पण ते पैलवानकीत धरत नाहीत.)

पण मोबाइलवर कुस्त्या बघण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. त्यातही माझा जीव युरोपातल्या जुन्या, काळ्या-पांढऱ्या कुस्त्यांवर. लाकडी खुर्च्यांवर टोप्या घातलेली मंडळी, पांढरा शर्ट घातलेला पंच आणि दोरांच्या चौकोनात दोन गडी. माझी सगळ्यात लाडकी कुस्ती एका टकल्याची आणि एका दाढीवाल्याची. टकल्या बारीक, मिशीवाला, अदबशीर. समोरच्याला पाडलं की स्वतःच हात देऊन उठवणारा. दाढीवाला दीड क्विंटलचा. पंचाची पाठ वळली की हा चिमटे काढणार, बोट मुरगळणार, आणि पंच इकडे वळला की विहारात बसल्यासारखा चेहरा करणार. पहिल्या रांगेतली एक आजीबाई त्याला छत्रीने बडवते. तो डोळे वटारून तिच्याकडे वळतो, ती छत्री उगारून पुढे येते, आणि हा दीड क्विंटलचा गडी मागे सरतो! हे मी किती वेळा पाहिलं असेल त्याला सुमार नाही, आणि दर वेळी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं.

माझ्या बायकोचं, सुजाताचं, मत वेगळं आहे. "दोन उघडी माणसं एकमेकाला कुटायलीत, त्यात काय बगायचं?" एवढ्या वाक्यात ती अख्ख्या युरोपाचा निकाल लावते.

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, झरीचे. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी ते नावाजलेले पैलवान, पुढे जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. मामांनी हात वर केला की निकाल झाला, मग हरलेल्याच्या गावाने कितीही बोंब मारो. पण सासूबाई गेल्या आणि हा माणूस बोलायचाच थांबला. आम्ही त्यांना सेलूला आणलं, तर दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. ताटातली अर्धी भाकरी खायची, उरलेली कडेला सारायची. त्या शुक्रवारी पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "रविवारी झरीला जातो."

सुजाता मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "तिथं आता चूल कोण पेटवणार? माझ्या भावाचं गॅरेज पडलं देवगाव फाट्यावर, मिलिंदला तिथून हलता येत न्हाई. आबा एकटे त्या घरात गेले की हातचे गेले बगा." आणि ती रडायला लागली. आमच्या घरात रडवण्याचं खातं तिच्याकडे आणि रडण्याचं माझ्याकडे; त्यामुळे मी खरोखर घाबरलो.

मला येतं ते एकच. संध्याकाळी मोबाइल टीव्हीला जोडला आणि लाडकी कुस्ती लावली. पहिली घंटा झाली तशी मामांची मान खिडकीकडून वळली. टकल्याने कमरेला हात घातला तशी त्यांची पाठ ताठ झाली.

"ढाकेचा डाव लावायलाय," मामा म्हणाले. "नीट धर की लेका."

आठवड्यातलं त्यांचं हे सगळ्यात मोठं भाषण. सुजाता दारात लाटणं घेऊन उभीच राहिली. तेवढ्यात टकल्याने दाढीवाल्याला उचलून असं आपटलं की त्याची पाठ टेकली. मामांनी हात वर केला. "झाली कुस्ती." ते उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

टीव्हीवर दोघं अजून लढतच होते! आपल्याकडे पाठ लागली की विषय संपला. तिकडे दोन्ही खांदे टेकवून पंचाचे तीन मोजून व्हावे लागतात, आणि असं दोनदा पाडावं लागतं. चिमटे, छत्री, आजीबाई, सगळी मजा पुढेच होती. पण जेवताना अर्ध्या भाकरीची पाऊण झालेली सुजाताने हेरली.

"उद्या पुढचं दाखवा," ती म्हणाली.

"त्यांच्या हिशेबानं कुस्ती संपलीय."

"मग समजावून सांगा. एरवी मला तर लय समजावता."

मला खरी भीती दुसरीच होती. या गोऱ्यांच्या कुस्त्या आधी ठरवून केलेल्या असतात. आमच्याकडे तिला नूरा कुस्ती म्हणतात, आणि नूरा म्हटलं की मामांचं डोकं फिरायचं. जत्रेत त्यांनी नूरा खेळणारे दोन्ही गडी फडाबाहेर हाकलले होते. त्यातला एक त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता. हीही नूरा आहे असं कळलं असतं तर मामांनी रविवारची वाट न बघता चपला घातल्या असत्या.

शनिवारी संध्याकाळी मी विषय काढला. "मामा, तिकडं नुसती पाठ लागून भागत नाही. तीन मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. तेवढ्यात खालचा निसटतो."

"पाठ लागल्यावर निसटतो?"

"हो."

"कसा?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी सतरंजीवर उताणा झालो. "तुम्ही मला दाबा. सुजाता मोजेल. मी निसटून दाखवतो."

मामांनी पायजमा वर खोचला. वाकून सतरंजीला हात लावला, तो कपाळाला लावला. तेव्हाच मी उठून पळायला हवं होतं. पुढच्या क्षणी चौऱ्याहत्तर वर्षांचा तो देह माझ्या छातीवर आडवा आला आणि माझं डोकं त्यांच्या काखेत गेलं.

"एक," सुजाता म्हणाली. "दोन. अगंबाई, दूध!" आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

मामा म्हणजे नियमाचा माणूस. तीन झाल्याशिवाय सोडणार कसे? "तीन, तीन" असं मीच ओरडत होतो, पण काखेतून आवाज बाहेर येत नव्हता. दूध शेगडीभर झालेलं, सुजाता ते पुसण्यात गुंतलेली, आणि नेमक्या त्या वेळी शेजारच्या हिराकाकू विरजण मागायला आल्या.

"अगं माय, पैलवान! जावई हाय ओ तो!"

"अजून तीन झालं न्हाई," मामा शांतपणे म्हणाले.

काकूंनी वाटी खाली ठेवली. ज्याच्या छातीवर सासरा बसलाय त्याचीच चूक असणार, हा जगाचा न्याय. "काय बोललास रे रमेशा म्हाताऱ्या माणसाला?" म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर एक चापट ठेवून दिली आणि तडक घरी जाऊन मिलिंदला फोन लावला : तुझ्या बापाची आन् दाजीची हातघाई लागलीय, लवकर ये.

इकडे सुजाता हात पुसत आली. "तीन," ती एकदाची म्हणाली.

मामा उठले. धाप लागली होती, पण तोंडावर लाली आली होती. "न्हाई निसटलात."

"नाही," मी जमिनीवरून म्हणालो.

"आन् तो दाढीवाला निसटतो म्हणता?"

"हो."

"लावा बरं."

मग काय विचारता! दाढीवाला निसटला. त्याने टकल्याचं बोट मुरगळलं, तसे मामा पुढे सरकले. त्याने टकल्याचं डोकं दोरांत अडकवलं, तसे मामा उभे राहिले. आजीबाईंची छत्री चालली तेव्हा मामा खदखदून हसले. सुजाताने भाकरी आणि पिठलं तिथेच आणून ठेवलं. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी एक भाकरी संपवली आणि ताट पुढे केलं. सुजाताने लगेच दुसरी वाढली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मिलिंद, हात ऑइलने काळे, मागे हिराकाकू. "आबा, पिशवी भरा. इथं थांबायचं न्हाई. दाजी, तुमच्याकडून ही उमीद नव्हती."

"खाली बस," मामा म्हणाले. "त्यानं खुर्ची उचलली."

मिलिंद बसला. काकूही बसल्या. दाढीवाल्याने खुर्ची टकल्याच्या पाठीत घातली आणि मामांचा घास हातातच थांबला. "मागं घ्या जरा," ते मला म्हणाले. मी मागे घेतलं. त्यांनी पुन्हा बघितलं, डोळे बारीक करून.

"टेकवली. मारली न्हाई." ते माझ्याकडे वळले. "नूरा हाय."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघितलं. मिलिंद पिशवी शोधायला उठलाच.

"पण काय नूरा हाय!" मामा म्हणाले. "त्या दाढीवाल्याकडं बगा. एवढा दांडगा गडी, मनात आणलं तर टकल्याला दोन मिन्टात गुंडाळील. पण त्याला जपायलाय, अंगावर झेलायलाय. आख्ख्या फडाच्या शिव्या खायलाय, म्हातारीचा मार खायलाय, अन् समोरच्याला मोठं करायलाय. आमच्या वक्ताला नूरा करणारे नुसते कामचोर होते. असलं कुणी केलं असतं तर मी फेटा बांधला असता. पाडणाऱ्याला न्हाई, पडणाऱ्याला."

शेवटी टकल्या जिंकला. त्याने दाढीवाल्याला हात देऊन उठवलं, दाढीवाल्याने तो हात झिडकारला, आणि मामांनी टाळ्या वाजवल्या.

"असल्या अजून हायत का?" त्यांनी विचारलं.

"लय आहेत, मामा."

"मग उद्या जायची कशाला घाई करायची." ते ताटात हात धुवायला लागले आणि मध्येच थांबले. "जावईबापू, मघाशी तुमीबी तेच केलंत न्हाई का? म्हाताऱ्याचं मन राखायला गप पडून राहिलात. मला काय कळत न्हाई व्हय?"

मिलिंद म्हणाला, "दाजी, माफ करा." हिराकाकूंनी मघाच्या चापटीची जागा पदराने पुसली. सुजाताने तर माझ्याकडे असं बघितलं, जसं तिने लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मी नुसती मान खाली घालून बसलो. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. खरं म्हणजे जीव तोडून निसटायला गेलो तेव्हाच मान आखडली होती, आणि पुढे आठवडाभर वर झाली नाही.