तिसऱ्या कोड्यावर लॉइडचं मत

समुद्रकाठच्या वॉलरू गावातल्या बेकरीत ग्लेनिस पेनहॉल शिरली की काउंटरवरच्या पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या. ही बाई रांगेत उभ्या उभ्या पुढच्या सगळ्यांची खरेदी उरकायची. अमक्याला सॉस नको, तमकीला पेस्टी, म्हणजे ती खिम्याची करंजी, जास्त भाजलेली लागते, आणि त्या कोपऱ्यातल्या आजोबांना काय विचारताय, त्यांना दोन बन द्या आणि सोडा. आजोबा तोंड उघडायच्या आत बन पिशवीत. उभा जन्म शाळेची बस चालवण्यात गेलेला. मागे पोरांचा गोंधळ, पुढे रस्ता, त्यामुळे कुणाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती. मनाने मात्र सोन्यासारखी, हे सांगायलाच हवं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर उगाच डाफराल.

तिचा नवरा लॉइड धक्क्यावरच्या धान्याच्या कोठारात कामाला होता. निवृत्त झाला, खेकडे पकडायची नवी जाळी आणली आणि त्याच हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना चालायचा. शब्द मात्र घशातून एकेक करून वर यायचे, जडशीळ, आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत ग्लेनिस हजर असायची. लॉइड म्हणायचा, "मला जरा...", की ही म्हणायची, "उशी हवीय." बऱ्याचदा उशीच हवी असायची. नसली तरी तो घ्यायचा. डॉक्टरकडे त्याचं ती बोलायची, बँकेत त्याचं ती बोलायची. लोक म्हणायचे, लॉइडचं नशीब थोर. होतंच की.

मुलगी ब्रॉनविन ॲडलेडला असते. तिनेच आभासी जग दाखवणारा तो व्हीआर हेडसेट आणून दिला. डोळ्यांवर बांधायचा तो डबा बघून ग्लेनिसने आधी नाक मुरडलं. पण बांधल्यावर लॉइडने मान वर केली, डावीकडे वळवली, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून "अरे वा" असं अख्खं निघालं. तो चंद्रावर उभा होता. ग्लेनिस स्वयंपाकघरात जाऊन पदर नसलेल्या बाया रडतात तशी टॉवेलात तोंड खुपसून रडली.

मग घरात नेमच झाला. सकाळच्या चहानंतर लॉइडची खुर्ची खिडकीपाशी, डोळ्यांवर डबा, डाव्या हातात कंट्रोलर. तो काय बघतोय ते ग्लेनिसला टॅब्लेटवर दिसायचं. माणसाच्या हृदयाच्या आतून फेरी, ज्वालामुखीच्या तोंडाशी, जुन्या देवळात शिरून दगड सरकवायची कोडी. सगळे छोटे खेळ, शिकवणारे. मोठ्या खेळांच्या वाटेला ते गेले नाहीत, कारण पाव तास झाला की लॉइड गप्प व्हायचा. हात मांडीवर, मान स्थिर, हालचाल नाही. "दमला बिचारा," म्हणून ग्लेनिस हलक्या हाताने डबा काढून घ्यायची.

आता हे खेळ जिथे विकत मिळतात तिथे खाली खेळणाऱ्यांची मतं लिहिलेली असतात. ग्लेनिसने ती वाचली आणि तिचं डोकं फिरलं. अर्ध्या तासात संपलं. कोडी पोरकट आहेत. शाळेतल्या मुलांना दाखवा, आम्हाला नको. ज्याला त्याला लांबी हवी. मग बाईने चष्मा लावला आणि उत्तरं द्यायला घेतली. तुमच्याकडे अख्खी संध्याकाळ आहे आणि अख्खं अंग आहे म्हणून सगळ्यांकडे नसतं, हे तिने एका वीस-बावीस वर्षांच्या पोराला असं सुनावलं की त्याने बिचाऱ्याने माफी मागितली. आणि ती नुसती भांडली नाही हो. बसून खेळता येतं का, अक्षरं मोठी आहेत का, गरगरतं का, मध्ये थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का, हे सगळं ती नीट लिहायची, आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली. "आम्हाला आवडलं." "आम्हाला जमलं नाही." नेहमी आम्ही. वृद्धाश्रमातल्या नर्सा तिला विचारून खेळ घ्यायला लागल्या. कुणीतरी तिला पाव तासवाली पेनहॉल म्हटलं आणि तेच नाव पडलं. शेजारची डॉट रोज चहाला यायची, ती चिडवायची, "आता काय बाई, मोठी माणसं तुम्ही." ग्लेनिस वरवर रागवायची.

अशात तो माकुलांचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या त्या समुद्री जिवांचा, खेळ आला. पोर्ट ॲडलेडच्या एलेनी वासिलाकिस नावाच्या बाईने एका मैत्रिणीला घेऊन बनवलेला. गावासमोरच्या आखाताच्या वरच्या टोकाला थंडीत हजारो माकुलं अंडी घालायला जमतात, तेच सगळं पाण्याखाली जाऊन बघायचं, आणि प्रत्येक खोलीत एक कोडं. लॉइडने तरुणपणी बोटीतून वाकून ती माकुलं बघितली होती. खेळ सुरू झाला तसा तो खुर्चीत पुढे सरकला. पहिल्या कोड्यात माकुलाला खडकाचा रंग द्यायचा होता, तो त्याने दिला. दुसऱ्यात माद्यांचं सोंग घेऊन घुसलेले छोटे नर ओळखायचे होते. तेही ओळखले, वर खुसखुसून हसला. तिसऱ्यात दोन खडकी चकत्या एकाच वेळी दोन हातांनी फिरवून नक्षी जुळवायची होती, की मागची कपार उघडणार आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर येताना दिसणार.

दोन हातांनी. लॉइडचा एकच. तो एक चकती फिरवायचा, तिला सोडून दुसरी धरायला जायचा, तोवर पहिली सावकाश जागेवर परत. मग तो गप्प व्हायचा, मान स्थिर. ग्लेनिस डबा काढायची. दुसऱ्या दिवशी कोडं पुन्हा पहिल्यापासून. असं कितीतरी सकाळी झालं. तिच्याने ते बघवेना. आपल्या माणसाला रोज कुणीतरी हरवतंय आणि आपण चहा गाळतोय, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तिने अंगठा खाली केला. लिहिलं की माझा नवरा एका हाताचा माणूस आहे, तिसऱ्या खोलीत झगडून झगडून तो रोज मान टाकतो, आणि ज्यांनी हे बनवलं त्यांच्या घरात कधी आजारी माणूस असलेलाच दिसत नाही. त्या मताला 'उपयोगी' म्हणून शेकडो लोकांनी खूण केली. एलेनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. बिचारीने मनापासून माफी मागितली होती. हे आमच्या ध्यानातच आलं नाही, म्हणाली, लवकरच दुरुस्त करतो. आणि केलंही. तिसऱ्या खोलीत एक बटण आलं, 'पुढे चला'. दाबलं की चकत्या आपोआप फिरतात.

ग्लेनिसला आभाळ ठेंगणं झालं. त्या सकाळी लॉइड त्या खोलीत पोचला, नेहमीसारखा गप्प झाला, तशी तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याच्याच अंगठ्याने ते बटण दाबलं. कपार उघडली. पांढऱ्या लिंबांसारखी अंडी, त्यांतून नखाएवढी पिल्लं, सगळीकडे. टॅब्लेटवर बघूनही तिचे डोळे भरले. "बघ," ती म्हणाली, "बघ लॉइड, जमलं."

लॉइडने आपल्या हाताने डबा काढला. आजवर त्याने तो कधी स्वतः काढला नव्हता. टेबलावर पालथा ठेवला आणि ओढत्या पायाने बाहेर अंगणात जाऊन बसला.

हवा बदलली म्हणून असेल, असं ग्लेनिसने ठरवलं. आत बसून तिने आपलं मत दुरुस्त केलं, अंगठा वर केला. लिहिलं: माझा नवरा खूश आहे.

पण नवरा खूश नव्हता. डबा पुन्हा हातात घेईना. निळे खेकडे उकडून समोर ठेवले तरी दोन पाय चोखून ताट सरकवलं. काय झालं विचारलं तर म्हणायचा, "ते... मी...", आणि ग्लेनिस म्हणायची, "कळतंय मला, कंटाळा आलाय." तो डोळे मिटून घ्यायचा. पुन्हा झटका येतोय की काय, अशी तिला भीती वाटली. तिने ब्रॉनविनला बोलावून घेतलं.

ब्रॉनविन रविवारी आली. दुपारी ग्लेनिस डॉटकडे गेली तेव्हा बापलेक दोघंच घरी होते. आई परतल्यावर पोरीने तिला एवढंच विचारलं, "आई, बाबा आधी तरी कधी चटचट बोलायचे गं? पत्त्यांच्या डावात त्यांची पाळी आली की लोक बियर आणायला उठायचे." ग्लेनिस म्हणाली, ते वेगळं होतं, तेव्हा तो धडधाकट होता. ब्रॉनविन संध्याकाळी निघून गेली.

सोमवारी ग्लेनिसने आपलं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. तिचं मत तिथे नव्हतं. खाली 'उपयोगी' म्हणणारे शेकडो लोक तसेच होते, वर तिचंच नाव होतं, पण मजकूर दुसराच. त्या दुकानात एका खात्याला एकच मत लिहिता येतं, आणि घरात खातं एकच, तिच्या नावाचं. कुणाला आपलं लिहायचं असेल तर तिचं पुसल्याशिवाय जागाच नव्हती.

लिहिलं होतं:

"मी लॉइड. आधीचं मत बायकोचं होतं. तिसरं कोडं फार चांगलं आहे. मला जवळजवळ सुटलं होतं. एका हाताने धरता येईल असं काहीतरी करा, पण सोडवायचं मला राहू द्या. ते बटण काढा. आणि मी गप्प बसतो तेव्हा दमलेला नसतो. विचार करत असतो."

ग्लेनिसने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आधी आला तो राग. एवढे दिवस, एवढ्या सकाळी, मी तुझ्यासाठी जगाशी भांडले, आणि तू चारचौघांत हे लिहितोस? मग तिला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. हृदयाच्या आत, देवळात, ज्वालामुखीच्या काठावर, तो कुठेतरी पोचायच्या बेतात असताना तिने त्याच्या डोळ्यांवरून तो डबा उतरवला होता, दर वेळी, हलक्या हाताने, लाडाने. बाई स्वयंपाकघराच्या पायरीवरच बसली.

लॉइड दारात येऊन उभा राहिला.

"मला सांगायचंस ना रे," ती म्हणाली.

"सांगत...", लॉइड म्हणाला.

तिचे ओठ उघडले. सांगत काय, सांगता येत नव्हतं, सांगत बसायला नको वाटलं, तीन वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. तिने ती गिळली. फार कठीण गेलं तिला. भिंतीलगतच्या फ्रिजचा आवाज तेवढा येत राहिला, बाहेर कुणाची तरी गाडी वळून गेली, आणि लॉइडचं तोंड त्या शब्दाशी झटत राहिलं.

"...होतो," तो म्हणाला. "तू... ऐकत... नव्हतीस."

"नव्हते," ग्लेनिस म्हणाली. आणि मग ती रडली, आणि तो तिच्या शेजारी बसायला गेला तर त्याला खाली बसवण्यातच दोघांची अर्धी शक्ती गेली, त्यात हसूही आलं.

एलेनीने ते मत वाचलं होतं. तिने लॉइडला नावाने उत्तर लिहिलं, आणि थोड्याच आठवड्यांत बटण गेलं. आता एक चकती फिरवून सोडली की ती तिथेच थांबून राहायची, दुसरी फिरवेपर्यंत. बाकी कोडं तेवढंच अवघड, उलट एक जुळवलं की दुसरं बिघडायचं. काही पोरांनी खाली लिहिलं की आता फारच वेळ लागतो. त्यांना ग्लेनिसने उत्तर दिलं नाही.

मग एका सकाळी चहा झाला, लॉइडने डबा बांधला, आणि ग्लेनिस टॅब्लेट न घेता समोरच्या खुर्चीत बसली. पहिली खोली झाली, दुसरी झाली असणार, कारण तो खुसखुसला. मग त्याचा हात मांडीवर आला आणि मान स्थिर झाली. पाव तास कधीच होऊन गेला होता. ग्लेनिसचे हात शिवशिवले. ते तिने मांडीखाली दाबून धरले.

डॉट नेहमीसारखी मागच्या दाराने आली, खुर्चीतल्या लॉइडकडे बघून थबकली आणि हळूच म्हणाली, "झोपला वाटतं गं?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "विचार करतोय. बस, आवाज करू नकोस."