सरळ केलेला दांडा

महाडला हायवेलगत माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून झिजतो, असं म्हणत लोक येतात. बऱ्याचदा दुखणं चाकात नसतंच, आत काहीतरी वाकलेलं असतं. ते सापडेपर्यंत मी गाडी सोडत नाही, कारण इथली गाडी कधी ना कधी आंबेनळी घाट चढणारच. लोक मला भित्रा म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या श्रावणात भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, त्यांची वडापची जीप घेऊन आले. पोलादपूरहून घाटातल्या वाड्यांवर ते माणसं नेतात-आणतात. दरडीतून पडलेल्या दगडावर पुढचं चाक आपटलं होतं.

"आता एकदम सरळ चालतेय," ते म्हणाले. "तू नुसतं मशीन लावून बघ."

लावलं. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. भावोजींनी खुशीत बोनेटवर थाप मारली. मला मात्र बरं वाटेना. दगडावर आपटलेली गाडी इतकी शहाण्यासारखी वागते कशी? मी स्टेअरिंग दोन्हीकडे पार शेवटपर्यंत वळवलं, मधे आणलं, परत मोजलं. आकडा हलला होता. पुन्हा तेच केलं, पुन्हा हलला.

बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडून ठेवणारा टाय रॉडचा दांडा मधोमध निळा-काळा पडला होता. रंग जळालेला, वर हातोड्याचे ठोके.

"हा तापवला कुणी?"

"वाडीतल्या लोहारानं. आमचे कोयते, नांगराचे फाळ त्याच्याच भट्टीत सरळ होतात. चांगला दांडा फेकायचा कशाला?"

फाळ पुन्हा वाकला तर शेतात वाकेल. पण असा तापवून ठोकलेला दांडा मऊ पडतो. घाटाच्या वळणावर एखादा खड्डा लागला की तो परत वाकतो, नाहीतर तुटतो, आणि दोन चाकं दोन दिशांना जातात. मग स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो. हे मी त्यांना दांड्यावर बोट ठेवून सांगितलं.

भावोजींनी वाकून दांडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "धाकट्याच्या गाडीचा दांडा पण त्या लोहारानंच सरळ केलाय. त्याचा तर लय वाकला होता."

धाकटा म्हणजे ताईचा दीर. त्याचीही तसलीच जीप. भावोजींची गाडी माझ्याकडे यायची होती, म्हणून ताई त्या सकाळी दिराच्या गाडीतून घाटातल्या घरी निघाली होती. पुढच्या सीटवर, भाचीला मांडीवर घेऊन.

मी ताईला फोन लावला. घाटात रेंज नाही हे माहीत असून लावतच राहिलो. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. आंबेनळीचं प्रत्येक वळण आठवत होतं, आणि कुठल्या वळणाला कठडा नाही तेही. भावोजी पायरीवर बसायचे, उठायचे, परत बसायचे. एकमेकांकडे बघायचं आम्ही टाळत होतो.

शेवटी ताईचाच फोन आला.

"पोचलो रे. एवढे फोन कशाला केलेस? काय झालंय?"

मी "गाडी कशी चालली?" एवढंच विचारलं.

ती हसली. "काय सांगू, अगदी सरळ! धाकट्यानं घाटात स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडून दाखवले आम्हाला."