झाऱ्यातले सूर्य

शुभामावशी तारा झालेली नाही.

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर सगळे 'तारा झाली' असं लिहितायत, म्हणून सांगते. ती असती तर लगेच विचारलं असतं, "तुला कसं कळलं?"

दहिसरला आमच्या शेजारचं दार तिचं. मोठे तारे संपले की मागे जो गाभा उरतो, त्याचे रेडिओ सिग्नल शोधण्यात आयुष्य गेलं. मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा सोसायटीने गेटवर फ्लेक्स लावला: 'सुप्रसिद्ध ज्योतिषी'.

लोक पत्रिका घेऊन दारात! तिने सगळ्यांना चहा पाजला आणि तोच प्रश्न विचारला.

इरा माझ्या पोटात होती तेव्हा सूर्यग्रहण आलं. थंडीतली सकाळ. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे सासूबाईंनी पडदे ओढून मला आत भिंतीशी बसवलं. खरं सांगते, मीही टरकले होते.

तेवढ्यात मावशी आली. म्हटलं, झालं, आता लेक्चर.

सासूबाईच आधी म्हणाल्या, "शुभा, तू कितीव शिकलेली असशीत, आज मी ऐकूचंय नाय. पयला गेला आमचा."

"बरं काकी. मग मीपण आतच बसते."

किती दिवस वाट बघत होती ती या ग्रहणाची. आणि बसली आमच्या हॉलमध्ये.

पण स्वस्थ बसेल तर मावशी कसली! "काकी, पडदा जरासा सरकवू? उजेड हिच्या अंगावर नाही येणार. आणि तो पुऱ्यांचा झारा द्या ना."

तिने झारा उन्हात धरला. लादीवर त्याची सावली पडली आणि प्रत्येक भोकातून एकेक कोर.

"ह्यां काय गो?"

"सूर्य, काकी. अर्धा झाकलेला."

"इतके?"

"जितकी भोकं, तितके."

थोड्या वेळाने झारा सासूबाईंच्या हातात होता. मी भिंतीशी बसूनच बघत होते, आणि घाबरायचं विसरले होते.

इरा झाली, ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या, ग्रहण पाळलं म्हणून.

मावशी हसली. "एका बाळावरून काही सिद्ध होत नाही काकी. तुमचंही नाही, माझंही नाही."

काल संध्याकाळी ती गेली.

आज इराने विचारलं, "आई, मावशी खरंच तारा झाली?"

"मला माहीत नाही गं."

"मग कसं शोधायचं?"

मला रडूच फुटलं.

सासूबाई किचनमधून झारा घेऊन आल्या. गॅलरीतल्या उन्हात धरला आणि इराला जवळ बोलावलं.

"बघ गो, आज सगळे गोल आसत."

मावशी, आम्हा तिघींचा तुला नमस्कार.