आधी चाचणी, मग साइट

चिकूची पेटी उघडली की मला डहाणूचं ते ऑफिस आठवतं. २०१६ साली मी तिथे चिकू बागायतदारांची वेबसाइट सांभाळायचे. नवा कोड आधी चाचणीच्या साइटवर तपासायचा आणि मगच खऱ्या साइटवर चढवायचा, हा माझा आग्रह होता.

एका दुपारी ऑफिस चालवणारे सर म्हणाले, "टेस्टिंग राहू दे. डायरेक्ट लाइव्ह कर."

"सर, आलेल्या ऑर्डरी उडतील."

त्यांनी माउस ओढून स्वतःच कोड चढवला. ऑर्डरी उडाल्या. बागायतदारांपैकी एक काका धावत आले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "हिची चूक आहे. उद्यापासून ही येणार नाही."

तेव्हा मला सरांचा राग आला होता. आता काकाच जास्त खुपतात. ते मला लेक म्हणायचे, पण खरं काय झालं ते त्यांनी मला विचारलंच नाही.