जुळलेली बेरीज

माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा सात दिवसांनी लहान. तेवढं सोडलं तर प्रत्येक बाबतीत ती माझ्या पुढे. उचगावहून आम्ही दोघी एकाच बसने कॉलेजला जायचो, बाकावरही शेजारी बसायचो, आणि घरी आलं की वडील मला म्हणायचे, "तिच्याकडनं शिक की जरा." माझ्या पोटात दुखायचं, आणि ते मी कधी फारसं लपवलंही नाही.

बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्याचं जर्नल पहिलं बरोबर निघेल, ते सर वर धरून सगळ्यांना दाखवायचे. बहुतेक वेळा ते तिचंच असायचं. एकदा तरी माझं दिसावं, एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशीचा प्रयोग सोपा होता. दोन तारांतला करंट एका जोडावर येऊन मिळतो आणि तिसऱ्या तारेतून पुढे जातो. आलेल्याची बेरीज गेलेल्याइतकी भरली पाहिजे. तीन तारांना तीन मीटर, आणि आम्हा दोघींत एकच टेबल. मी दोन मीटर वाचले, तिसऱ्याकडे ढुंकूनही न बघता बेरीज केली आणि आकडा लिहून मोकळी झाले. ती मात्र वाकून तिन्ही काटे बघत बसली.

"माझं तिसऱ्या मीटरवर बेरजेपेक्षा जास्त येतंय," ती म्हणाली. "तुझं जुळलं?"

"व्हय. तूच नीट बघ की."

मला मनापासून आनंद झाला होता.

सरांनी आमची दोन्ही जर्नलं पाहिली आणि करंट बंद केला. तिसऱ्या मीटरचा काटा शून्यावर आलाच नाही, एक रेघ पुढेच थांबला. "हा मीटर जास्तच दाखवणार," ते मला म्हणाले. "मग तुझं कसं जुळलं?"



"सर, ते तिनंच आधी बघितलं हुतं," बहीण शांतपणे म्हणाली. "एक रेघ वजा करून लिवलंय तिनं. माझंच ऱ्हायलं."

सरांनी माझं जर्नल वर धरलं. सगळा वर्ग बघत होता. ती मान खाली घालून आपला आकडा खोडत होती. उपकार केल्याचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता. मला रडू आलं, पण ते लाजेनं नव्हे. खोटं बोलणं ही एकच गोष्ट मला तिच्यापेक्षा बरी जमते, असं मी धरून चालले होते. तीही गेली.