पाणी कोणी भरलं?

नवीन बाईला स्ट्रेचरवरून खाटेवर घेतलं, की मावशी आधी तिचा हात हातात घ्यायच्या. नाडीसाठी नव्हे. तळहात नाकाशी नेऊन वास घ्यायच्या, नखांत डोकावायच्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "हे प्यालेलं नाई. हे हाताले लागलेलं हाये."

तालुक्याच्या दवाखान्यात त्या महिला वॉर्डाच्या आया, मी तिथलाच कारकून. एक तरुण डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता तुमचं नाकच लॅबला पाठवतो."

"पाठवा ना. पन चहाच्या टायमाले वापस आना."

आमच्या यवतमाळकडे पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. कपाशीवर फवारे सुरू झाले, की रोज कोणीतरी दवाखान्यात येतंच. माझ्या छापील फॉर्मात प्रश्न होता : फवारणी केली का? बाई 'नाही' म्हणायची, सोबत आलेला नवराही 'नाही'च म्हणायचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पाठीवर पंप घेतो तो फवारणी करतो. बायका नुसतं पाणी आणतात, ड्रममध्ये औषध घोटतात, संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे धुतात. त्याला काम कोण म्हणतं? मी 'नाही' लिहायचो आणि पुढच्या रकान्यात आपोआप 'प्राशन केल्याचा संशय' येऊन बसायचा. देशात किती बायका चुकून विषबाधेनं जातात, याचे आकडे अशाच कागदांवरून वर सरकारकडे जातात. तुमच्या वाचनात ते कधी आले, तर ते भरणाऱ्यांत मीही होतो, एवढं ध्यानात असू द्या.

एका दुपारी मावशींनी माझा पेनच धरला. "बाबू, असं नाई इचारत. पानी कोनं भरलं, ते इचारा."

मी विचारलं.

"म्याच भरलं," खाटेवरची बाई कसंबसं म्हणाली.

"अन् औषध कायनं घोटलं?" मावशींनी विचारलं.

"हातानं. काडी नोती सापडत."

त्या दिवसापासून मी दोन्ही प्रश्न विचारू लागलो. छापील फॉर्मात त्यांना जागा नव्हती, म्हणून उत्तरं समासात लिहायचो.

मावशी मूळच्या बोरी अरबच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक लेक फुलसावंगीला दिलेली. दवाखान्यामागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. चहा दोन कप मांडायच्या आणि कोणी फिरकलं नाही, की दोन्ही स्वतःच प्यायच्या. पोळ्याला सगळे सुट्टीसाठी भांडायचे, तर मावशी ड्युटी मागून घ्यायच्या. मला वाटायचं, बाईला कामाची हौस आहे. माझी अक्कल तेवढीच.

मग एका पोळ्याला त्यांनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी लेकीनं फोन करून विचारलं होतं, सणाला येऊ का? "आता ड्युटी हाये, फवारे झाले की ये," मावशी म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी लेक गेली. तिकडच्या दवाखान्यात तिकडच्या कारकुनानं तोच प्रश्न विचारला, जावयानं तेच उत्तर दिलं. गावानं ठरवून टाकलं, की आईनं माहेरी येऊ दिलं नाही म्हणून पोरीनं औषध घेतलं. सासरच्यांनी मावशींना दार बंद केलं. लहानगी नात आत राहिली.

"पण मावशी, तुम्हाला तर माहीतच आहे, ते लागलेलं होतं," मी म्हणालो.

"मले कसं माईत असन, बाबू? मी पोचली तवा तिले कापडात बांधून ठेवलं होतं. हात पाहूच नाई देला कोनं."

इतक्या बायकांबद्दल ठासून सांगणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. पुढे अधूनमधून, खाटेवरची चादर बदलता बदलता त्या मला विचारायच्या, "हातानंच घोटलं असन ना तिनं?" मी 'हो' म्हणायचो. माझ्या 'हो'ला काय अर्थ होता, ते दोघांनाही कळत होतं.

गेल्या भादव्यात मावशी ड्युटीवर असतानाच हृदयविकारानं गेल्या. वारस म्हणून त्यांनी नातीचं नाव लिहून ठेवलं होतं. ती फुलसावंगीहून सह्या करायला आली. उंच, अबोल पोरगी. सांगू नये, असं वाटत असतानाही मी बोलून गेलो, "तुझी आजी शेवटपर्यंत एकच विचारायची. आईनं औषध घेतलं, की घोटताना लागलं?"

तिचा पेन थांबला. "घेतलं? कायले घेईन? मी होती ना वावरात, कडेले धुऱ्यावर बसून. आई कोपरापर्यंत हात घालून घोटत होती. मले म्हने, इकडे नको येऊ, वास येते."

"मग आजीला कधी सांगितलं नाहीस?"

"आजी आलीच नाई ना कधी. मले वाटे, तिले आमचा राग हाये."

मी पुढचा कागद तिच्यासमोर सरकवला. मावशींना जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.